नकाशाचं कापड आणि नारळाचं तेल

लग्नानंतर तीन-चार वर्षांनी माझ्या नवऱ्याचं उजवं मनगट मोडलं. जांभ्याच्या ओल्या पायरीवरून घसरले. ते कंत्राटदाराकडे नकाशे काढायचे. ओढ्यांवरचे साकव, बोटींचे धक्के, विहिरी. तेव्हा एका साकवाचा नकाशा पेन्सिलीने काढून झाला होता. तो वर पसरलेल्या ट्रेसिंगच्या पारदर्शक कापडावर शाईने उतरवायचा राहिला होता. आठवड्यात दिला नाही तर काम राजापूरच्या दुसऱ्या नकाशे काढणाऱ्याकडे जाणार आणि एकदा गेलं की परत येत नाही. घरात दुसरी मिळकत नव्हती.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पण रेघ सरळ यायला चौथी पुरते. म्हटलं, "मी उतरवते. तुम्ही फक्त सांगा."

"हे पोळपाट-लाटणं नाही."

"दिसतंय मला. सांगा."

त्यांनी टाक दिला. कापडाच्या धाग्यात टोक अडकायचं आणि शाई उडायची. मग दोन पात्यांचं रेघेचं पेन काढलं. त्याचा स्क्रू फिरवला की रेघ जाड-बारीक होते. पट्टीला लावून ओढलं की एकसारखी रेघ येते. तेव्हाच मी ठरवलं, सरळ रेघा या पेनाने आणि टाक फक्त अक्षरांना.

तरी रेघ मध्येच तुटायची. शाई थेंबाथेंबाने गोळा व्हायची, अळूच्या पानावर पाणी राहतं तशी.

"पेनात कचरा आहे, पूस," ते म्हणाले.

पुसलं. पुन्हा तेच. शाई बदलली, तरी तेच. ते चिडले, "तुला जमत नाही, सरळ सांग."

मी कापड उजेडाकडे तिरकं धरलं. माझं मनगट जिथे जिथे टेकलं होतं तिथे चकाकत होतं. रेघ तिथेच तुटत होती. सकाळी मी दोन नारळ खवले होते. नुसत्या पाण्याने हात धुऊन बसले होते, तेल तसंच राहिलं होतं. यांनी जन्मात नारळ खवला नाही, त्यांना हे सुचणार कुठून!

हात रिठ्याने धुतले. कापडावर खडूची पूड चोळून झटकली. मनगटाखाली कागद घेतला. आता कापडाने शाई धरली. सासूबाईंना सांगितलं, नकाशा होईपर्यंत खवणीवर मी बसणार नाही.

"म्हणजे या वयात नारळ मी खवू?"

"नाहीतर आमटी बिननारळाची करा."

त्या खवणीवर बसल्या.

मुदतीच्या दिवशी कंत्राटदार आले. दारात उजेडाला धरून नकाशा पाहिला. "मोडक्या हाताने काढलात?"

"घरच्यांकडून काढवून घेतला," हे म्हणाले. त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली.

कंत्राटदारांनी आत पाहिलं. "वहिनी, पुढचं काम विहिरींचं आहे. गोल येतील?"

"येतील. पण हा कंपास ढिला आहे, सुरू केलेल्या जागी परत येत नाही. चांगला आणून द्या."

हे माझ्याकडे बघत राहिले. कंत्राटदार हसले आणि मुंबईहून येणाऱ्या बोटीने कंपास मागवला. तो येईपर्यंत यांचं मनगट सांधलं होतं. रेघा ते मारू लागले. गोल मीच काढत राहिले.