"तू बस, शांता आणेल"

शिक्षकमित्रहो, आपल्या या फिरत्या वहीत आज स्वतःचीच लाज लिहितोय.

सातवीला वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र दाखवलं. हातात समतेच्या भाषणाचा कागद धरलेला पुढारी एका बाईला पाणवठ्यावरून हाकलतोय. "यात अन्याय कुठं दिसतो?" मी तावातावानं विचारत होतो. घसा सुकला, म्हणून पाणी मागितलं.

रांजणाजवळ बसलेली काशी उठली. काशी वेशीबाहेरच्या वस्तीतली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तू बस, शांता आणेल."

काशी परत खाली बसली. मग तिनं हात वर केला. "गुरुजी, अन्याय कुठं हाय ते घावलं."

ती चित्राकडं बघत नव्हती.

वेशीआतल्या शांतानं आणलेलं पाणी मी तसंच टेबलावर ठेवलं. खरं सांगा, तुमच्या वर्गात पाणी कोण आणतं?