पहिला मान कपिलदादाचा

डिंगोऱ्याच्या रत्नदीपइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी, वृषाली, त्याच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला होते, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे.

क्लास उभा केला तो त्याच्या थोरल्या भावाने, कपिलदादाने. पुण्यात नोकरी करता करता लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी मशीन चालवणाऱ्या फुकटातल्या सिस्टीमच्या, सीड्याही त्यानेच आणून दिल्या. दोन हजार पाच साली दादा हायवेला अपघातात गेला. सगळं घर रडलं, रत्नदीपच्या डोळ्यांतून टिपूस नाही.

पण त्याने मशीनमध्ये काय करून ठेवलं ते ऐका. लिनक्सला एखादा प्रोग्रॅम हवा असला की तो कुठे कुठे शोधायचा, ती ठिकाणं लिहून द्यावी लागतात. आमची तीन होती: दादाच्या सीड्या, पुण्याहून नंतर आणलेल्या नव्या सीड्या, आणि फोनवरून रडतखडत चालणारं इंटरनेट. एरवी मशीन सगळीकडे बघून नव्यातलं नवं उचलतं. याने सक्तीच केली: आधी दादाच्या सीड्या, तिथे सापडलं तर पुढे बघायचंच नाही. का, तर त्यांच्या घरात ताट आधी दादाला वाढायचे! "अरे बाबा, मशीनला कसला आलाय मान?" म्हणून मी किती भांडले. ऐकेल तर शपथ.

वर्षाने दादाचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्यासाठीचा बौद्ध विधी, ठरलं. आई जानकाबाईंनी सांगितलं, पत्रिका छापखान्यात नाय, कपिलच्या क्लासातच छापायची. छापली, तर जोडाक्षरं फुटलेली आणि दादाच्या नावातली वेलांटी भलतीकडेच. अक्षरं जुळवणारा प्रोग्रॅम दादाच्या सीडीतला, जुना. दुरुस्त केलेला नव्या सीडीत होता, पण मशीन तिकडे बघतच नव्हतं.

रत्नदीप त्या ठिकाणांच्या यादीची फाइल उघडून नुसता बसून राहिला. मला भांडवेना.

"काय अडलंय?" जानकाबाईंनी विचारलं.

"आई, दादाच्या सीड्यांची ओळ खाली सरकवावी लागेल. पहिला मान नव्यांना."

"मग सरकव. म्या त्याला सरणावर ठिवू दिला. तुला एक वळ खाली घेववंना व्हय?"

त्याने ओळ खाली घेतली, नवा प्रोग्रॅम चढवला, पुन्हा छापलं. अक्षरं धड आली. जानकाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून तो मोठ्याने वाचायला लागला. गेलेल्याच्या नावाआधी लावतात ते "कालकथित" एवढंच म्हणाला आणि हुंदका फुटला.

पुढचं नाव आईनेच घेतलं.