पाचशे कार्डं आणि एक मेंढी

जाहीर नोटीस. तमाम सांगलीकर, मिरजकर आणि आसपासच्या गावांतील लग्नाच्या मुलामुलींच्या पालकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, साडेतीन इंच लांब व दोन इंच रुंद अशा एका पांढऱ्या कागदावर ही नोटीस देणाऱ्या बाईने आपले उरलेले आयुष्य बसवण्याचा प्रयत्न केला होता. ते बसले नाही. याबाबत कोणाची काही हरकत असल्यास ती मुदतीत आलेली नाही. सबब कोणाचीही हरकत नाही असे समजून पुढील मजकूर लिहिला आहे.

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला होता आणि आम्ही सांगलीत बिऱ्हाड मांडलं होतं. छावण्यांमध्ये राहिले तितकी वर्षं मी शेजारणींच्या पोरांचे फोटो काढले. बाप सीमेवर, पोरगं रांगायला लागलेलं. ते रांगणं बापाला दिसलं पाहिजे. माझ्या फोटोंनी भले भले जवान रडलेत, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. सांगलीत आल्यावर दोन बारशी आणि एक डोहाळजेवण फुकटात केलं. आणि मग एक दिवस चहा गाळता गाळता जाहीर केलं, “मी लग्नाचे फोटो काढणार.”

माझा हिशेब साधा होता. हळदीच्या वेळी नवरी मुलगी ओल्या साडीत आखडून बसलेली असते आणि समोर दाढीवाला परका माणूस कॅमेरा घेऊन “ताई, स्माइल” म्हणत असतो. तिथं बाई हवी. आणि मी बाई होते. यात चुकण्यासारखं काय होतं?

नवऱ्यानं चहा पिऊन अट घातली. फौजेत सगळ्याला मुदत असते. “तुळशीच्या लग्नापतुर एक तरी लगीन मिळव. एकच. न्हाई मिळालं तर हळदीच्या कारखान्यात पॅकिंगला बाई पायजे हाय. माझ्या वळखीचा मॅनेजर हाय. मग कॅमेरा कपाटात.”

“मंजूर,” मी म्हणाले. मला तर एका महिन्यात पाच लग्नं दिसत होती.

लग्नाचं काम मिळवायचं तर आधी स्वतःचं कार्ड पाहिजे. हळदीच्या बाजारामागच्या गल्लीत लग्नपत्रिकांचं दुकान होतं. भिंतींना नमुन्याच्या पत्रिका टांगलेल्या, आत एक कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढं कपाळावर चष्मा चढवून बसलेले मालक. मी नवऱ्याला सोबत घेऊन आणि डोक्यात अख्खं कार्ड तयार करून गेले होते: पांढरं, मोकळं, एक फोटो, दोन ओळी. बस.

मालकांनी पहिला प्रश्न टाकला, “वर कोण?”

“वर म्हणजे?”

“देव, ताई. गणपती का कुलदैवत?”

“कोणी नको.”

त्यांनी माऊसवरचा हात उचलला. “अवं, मटणाच्या दुकानाच्या कार्डावर बी देव असतोय.”

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढे ते मला फार आठवणार होतं.

मग त्यांनी न विचारता कोपऱ्यात सोनेरी वेल सोडली. दुसऱ्या कोपऱ्यात गुलाब आणला. मधोमध दोन अंगठ्या एकमेकींत अडकवल्या. माझं पांढरं कार्ड डोळ्यांदेखत भरत चाललं होतं आणि त्याच वेळी त्यांनी नवऱ्याकडे वळून विचारलं, “बरं, साहेब, तुमचा नंबर सांगा.”

इथं परगावच्या वाचकांसाठी सांगितलं पाहिजे. आमच्याकडे शिवणक्लास बाईचा असतो, पार्लर बाईचं असतं, पापड बाई लाटते, पण कार्डावर नंबर नवऱ्याचा असतो. आजही. बाईचा नंबर बाजारात फिरला की रात्रंदिवस ‘हाय’ म्हणणारे निघतात, हे कारण. ते अगदीच खोटं नाही.

“नंबर माझाच,” नवरा म्हणाला. “बाईमाणसाचा नंबर पाचशे जणांत वाटायचा व्हय?”

माझ्याकडे पाच मुद्दे तयार होते. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पडद्यावर एक मोर आला. पिसारा फुलवलेला. माझा धीर सुटला.

“ऐका,” मी म्हणाले, “नंबर यांचा घ्या. पण मोर, गुलाब, वेल, अंगठ्या सगळं काढा. कार्डाची जागा मोकळी पाहिजे.”

तह झाला. मी नंबर दिला आणि पांढरी जागा घेतली. त्या क्षणी मला वाटलं, लढाई मीच जिंकले.

आता फोटो. माझं माहेर माण तालुक्यातलं. भाऊ अजून मेंढरं राखतो. एका संध्याकाळी त्याचा कळप उघड्या माळावरून वर चढत होता. सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे, धूळ उडालेली, आणि त्यातली एकच मेंढी थांबून, मान वळवून मागे बघत होती. आयुष्यात तेवढा चांगला फोटो मी परत काढला नाही.

मालकांनी तो बघितला. “नवरा-नवरी टाका की, ताई.”

“नवरा-नवरी सगळेच टाकतात.” मी ठणकावलं. “ही नजर बघा. सासरी निघालेली मुलगी अशीच मागे बघते.”

“मेंढरू हाय ते,” नवरा म्हणाला. पण तह झाला होता, त्यामुळे त्यानं तो मोडला नाही.

खाली माझं नाव आणि ‘लग्न व कौटुंबिक छायाचित्रण’ अशी ओळ मी करड्या रंगात, बारीक, नाजूक अक्षरांत बसवून घेतली. मालक म्हणाले, “दिसंल का?” मी म्हणाले, “ज्याला कला कळते, त्याला दिसेल.” नंबर मात्र ठळक काळा झाला. नवऱ्याचा होता ना. शेवटी वरून मखमली लॅमिनेशन घेतलं. पाचशे कार्डं! हातात घेतली तर लोण्यासारखी.

दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला सगळं गाव सगळ्यांच्या दारात येतं. याहून चांगला मुहूर्त कुठला? मी प्रत्येकाच्या हातावर सोनं ठेवलं आणि सोन्याबरोबर एक कार्ड. नवऱ्यानं त्याच्या निवृत्त फौजी मित्रांना गठ्ठेच्या गठ्ठे दिले. “घरी वाटा. मिशेसचं काम हाय,” एवढंच सांगितलं. कसलं काम ते सांगायला लाजला असावा.

माझी नवरात्राच्या हिशेबात एक चूक झाली होती. नऊ दिवस अख्ख्या जिल्ह्यानं मटण खाल्लेलं नसतं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो सगळा उपास एकदम सुटतो, हे मी विसरले होते.

सकाळी सातला फोन वाजला. नवरा फोन कसा घेतो ते सांगते. खाटेवर पाठ ताठ करून बसतो आणि गेटवर कोणी अनोळखी आल्यासारखा विचारतो, “कोण? कुठनं? काम काय?”

पलीकडचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत आला. “बकरं किती किलोचं हाय?”

“कसलं बकरं?”

“कार्डावरचं.”

मी हसून हसून ओट्याला धरून उभी राहिले. आठ वाजेपर्यंत अजून तीन फोन आले तेव्हा हसणं थांबलं. दुपारी नवऱ्यानं माझ्या भावाला फोन लावला. त्याचा आवाज इतका खुललेला मी निवृत्तीनंतर ऐकला नव्हता. “पावनं, मेंढरं इकायची हायत का? लय गिऱ्हाइक हाय गड्या!”

पुढचा महिनाभर मी राहिलेल्या कार्डांवर माझा नंबर पेनानं लिहायला बसायचे. मखमली लॅमिनेशनवर पेन घसरायचं. अक्षर उमटलंच तर बोट लागताच पुसायचं. मी कार्ड देताना तोंडानं सांगायचे, “लग्नाचे फोटो काढते हं.” बायका म्हणायच्या, “हो का? छान. मटण ताजं असतं म्हणे तुमच्याकडं.”

तुळशीच्या लग्नाला दोन दिवस राहिले होते. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली नवऱ्याचा फोन वाजला आणि त्याचं बोलणं जिन्यातून वर आलं.

“एकच पायजे? हळदीला? हां, हां, मिळंल की. जितं नेणार का कापून देऊ?”

हळदीला. एकच. माझ्या हातातली चादर पडली. मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. पोचेपर्यंत पलीकडून फोन ठेवला होता.

“कोण होतं?”

“मिरजंची बाई हुती. पोरीच्या हळदीला म्हणाली. मी विचारलं तर ठिवलाच की फोन.”

मी त्याच्या हातातून फोन घेऊन तोच नंबर लावला. बाईंचा आवाज गोड होता. मी एका श्वासात सांगितलं: मी फोटोग्राफर, मी स्वतः बाई, तुमची मुलगी लाजत असेल तर मी तिला हसवते, मी घाई करत नाही, मी फक्त...

“अहो, राहू दे ताई,” त्या हळूच म्हणाल्या. “पाहिजे होती ती फोटोवालीच, पण आमचं माळकरी घर आहे. तुमच्या घरातलं माणूस कापायचं विचारतंय. आमच्या सासूबाई शेजारीच बसल्यात. समजून घ्या.”

मी समजून घेतलं. दुसरं काय करणार?

नवरा खाटेवर फोन मांडीवर ठेवून बसला होता. “मला काय म्हाईत,” तो म्हणाला. “ती फोटो म्हणालीच न्हाई. एक पायजे म्हणाली.” त्याला खरंच वाईट वाटलं होतं. संध्याकाळी त्यानं न सांगता माझ्यासाठी गरम जिलबी आणली. मी ती खाल्ली. चांगली होती.

त्याच रात्री मी भावाला फोन केला. सहज विचारलं, “ती मागे बघणारी मेंढी कशी आहे रे?”

“ती व्हय? ती कवाच गेली की, आक्का. पयल्याच गिऱ्हाइकानं कार्ड दावून तीच मागितली.”

तुळशीचं लग्न लागलं. ऊस, चिंचा, आवळे, मंगलाष्टकं. शेजारच्या सगळ्या बायका आल्या. त्यातल्या एकीनं मोबाइलवर तुळशीचे चार फोटो काढले आणि ते बरे आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा धुतलेल्या पंच्यात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि कारखान्यात गेले. हळदीच्या पुड्या मोजायच्या, तोंडं बंद करायची, खोक्यात लावायच्या. आठवडाभरात नखं अशी पिवळी झाली की जणू रोजच माझी हळद. बाकीच्या बायकांना मी हे नाटक करून दाखवते. मुंडावळ्यांच्या जागी पॅकिंगची पट्टी बांधते. त्या पोट धरून हसतात.

अशाच एका रविवारी घरी आले तर नवरा दारातच उभा होता. हातात शेवटचं कार्ड, कडा झिजलेल्या. चेहऱ्यावर एवढा आनंद की क्षणभर मला उगाच आशा वाटली. कोणाचं तरी लग्न मिळालं असेल. कोणीतरी ती बारीक ओळ वाचली असेल.

“आगं, पाचशेच्या पाचशे संपली!” तो म्हणाला. “आता हजार छापू. ह्या खेपंला मेंढरू जरा मोठं घिऊ, आन् ती खालची बारीक वळ काढून टाकू. तशीबी ती कोण वाचतंय!”