करवतीजवळचा खिळा

पुस्तकांचं कपाट करायला टाकलं होतं, ते कुठवर आलंय हे बघायला सुताराच्या कारखान्यात गेले. करवतीच्या मशीनच्या बटणाशेजारी भिंतीत एक खिळा होता आणि त्याला चक्क एक मंगळसूत्र टांगलेलं होतं.

ते सुताराच्या सुनेचं, संगीताचं. वर्षभर ती सासऱ्यांच्या हाताखाली काम शिकते आहे. त्यांचे नियम दोनच. गिऱ्हाइकाला खोटी तारीख द्यायची नाही आणि अंगावर लोंबणारं काही ठेवून मशीन चालू करायचं नाही.

"कपाट सोमवारी मिळेल, काकू. उद्या म्हणणार नाही," ती म्हणाली. 'उद्या' न म्हणणारा सुतार मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही बाई.

मी खिळ्याकडे बघतेय हे तिनं ओळखलं. "तो आमच्या आईंनी ठोकलाय."

तेवढ्यात तिच्या सासूबाई चहा घेऊन आल्याच. "घरात काढलंन् तर मी बोलते हिला," त्या म्हणाल्या. "पण मशीनला काय कळतंय, कुणाच्या गळ्यात काय आहे ते? मुलगा माझा ऑफिसात पंख्याखाली बसलाय. जपायचं ते हिला."

मला गंमत वाटली. रीतभात माणसं मोडत नाहीत, हळूच उचलून खिळ्याला अडकवतात.

मशीन सुरू झालं. भिंत थरथरली, मंगळसूत्र हलायला लागलं. सासूबाईंनी ते तळहातानं भिंतीशी दाबून धरलं. डोळे मात्र सुनेच्या बोटांवर होते, आणि मशीन थांबेपर्यंत त्यांनी हातही काढला नाही आणि नजरही.