रिकामा हात

रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खातात तेव्हा, भाकरीचं ताट बाकावरून हातोहात सरकत आलं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या सुनंदाताईंनी प्रसादाला धरतात तसा डाव्या हातावर उजवा हात धरला. आमच्या चर्चमध्ये त्या दुसऱ्यांदाच आल्या होत्या, माझ्याच बोलावण्यावरून. मी घाईनं कुजबुजले, "ताई, हे घेऊ नका. आधी बाप्तिस्मा, मग मंडळीपुढे विश्वासाची कबुली, आणि मगच हे."

"चुकलं का माझं?" म्हणत त्यांनी हात पदराखाली घेतला.

चुकलं कसलं! नव्या माणसाला आम्ही पहिल्यांदा हेच सांगतो, की देवाची कृपा कमावता येत नाही. नवसानं नाही, पुण्यानं नाही. तो ज्याला निवडतो त्याच्या रिकाम्या हातावर ती पडते. सुनंदाताईंचा हात तर रिकामाच होता. पण ही भाकर म्हणजे प्रभूचं शरीर, हे न ओळखता ती खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हेही आम्ही तितक्याच ठामपणे सांगतो. दोन्ही गोष्टी मी लहानपणापासून पाठ म्हणत आले. दोन्ही मला खऱ्या वाटतात. त्या दिवशी मात्र त्या दोन्ही एकाच बाकावर मावेनात.

मागचे लोक खोळंबले होते. सुनंदाताईंनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, नकळत कपाळाला लावलं आणि माझ्यापुढे धरलं.

"तुम्हाला हे घेतलेलं चालतं ना?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं.

मला हो म्हणवेना. तुकडा मात्र मी उचलला.