रफिकभाई आणि आवाजाची हौस

सातपूरला माझं आणि रफिकभाईंचं गॅरेज आहे. मी इंजिन बघतो, ते सायलेन्सर. इंजिनं मी विसरून जातो. सायलेन्सरचे किस्से मात्र डोक्यात साचतच जातात!

*

नवीन लग्न झालेला एक गडी मोटरसायकलला सायलेन्सरऐवजी जाड, आखूड पाइप बसवून बायकोला वणीच्या गडावर घेऊन गेला. चढावर दुसऱ्या गिअरला गाडी ओढेना. बायको उतरून चालायला लागली आणि वरच्या वळणावर त्याची वाट बघत बसली!

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच गॅरेजात. "आवाज वर पोहोचला होता हो, गाडी खालीच होती!"

रफिकभाई म्हणाले, "ताई, असला पाइप सपाट रस्त्यावर, जोरात पळवताना कामाचा. चढाला टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर लागतो. तोच गेला ना!"

*

सिन्नरचे दूधवाले काका महिनाभर आजारी होते. गाडी बाहेर काढली तर जोरच नाही. "इंजिन खोला," म्हणाले. मी पाने घेऊन बसलो.

रफिकभाईंनी सायलेन्सरमागे नुसता तळहात धरला. धूर जेमतेम येत होता. तार घातली, तर आतून कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं!

काकांनी ते घर हातात घेतलं. "माझ्या पोराचं घर दोन वर्षं अर्धंच हाय. हिनं महिन्यात बांधलं!"

*

एका निवृत्त मास्तरांची जुनी टू-स्ट्रोक. मुलानं गंजलेला सायलेन्सर काढून सरळ नळी जोडली, आणि गाडी मेल्यासारखी चालायला लागली.

"सर, टू-स्ट्रोकमध्ये थोडं ताजं पेट्रोल न जळताच बाहेर निसटतं," रफिकभाईंनी समजावलं. "जुन्या सायलेन्सरचा फुगीर आकार ते परत आत ढकलायचा."

मास्तर मुलाकडे वळले. "गाढवा, वर्गातून पळणारी पोरं आत आणणारा शिपाईच काढलास की!"

*

कळवणकडच्या एक नर्सताई मोटरसायकलवर पाड्यापाड्यांत लसी द्यायला जातात. नवऱ्यानं हौसेनं फटफट वाजणारा पाइप लावून दिला होता. घाटात लसीच्या डब्यासकट गाडी दोनदा बंद पडली, तेव्हा ताई रडकुंडीला येऊन आमच्याकडे आल्या. रफिकभाईंनी कंपनीचा सायलेन्सर बसवला. गाडी चढ चढायला लागली, आवाजही गेला.

महिन्याभरानं त्यातल्याच एका पाड्यावरचा एक बाप गाडी दाखवायला आला. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी, लस टोचलेला दंड चोळत. ती थेट रफिकभाईंसमोर उभी राहिली.

"सिस्टरचा जुना पाइप तुम्हीच काढला ना? परत लावा! आता त्या आलेल्या कळतच नाय!"