डेल्मर ह्रुश्काचं दहावं गाणं

डेल्मर ह्रुश्का लोकांसमोर गिटार जुळवत नसे. ट्रकमध्ये बसून, काचा वर करून जुळवायचा आणि मग दार पायाने ढकलून हॉलमध्ये यायचा. कप समोर असला तरी कॉफी थर्मासच्या झाकणातूनच प्यायचा. दुसऱ्याच्या गाण्याला टाळ्या वाजवताना टोपी काढायचा. स्वतःच्या गाण्याला टाळ्या पडल्या की मागे वळून ड्रमवाल्याशी काहीतरी बोलायचा. काय बोलतो, असं विचारलं तर ड्रमवाला सांगे, "पाऊसपाणी." कोलाच हा फळ भरलेला गोड पाव खाताना मधलं जर्दाळू आधी खायचा आणि कडेचा पाव खिशात टाकायचा. तो ट्रकमधल्या कुत्र्याला मिळे. कुत्रा मेल्यावरही पाव खिशात जातच राहिला.

टेसा कहानेकने यातलं काही मुद्दाम पाहिलं नव्हतं. तो गेल्यावर ते आपोआप आठवू लागलं. तिला रडू येत नव्हतं. तिला जर्दाळू आठवत होतं.

डेल्मर विहिरींचे पंप दुरुस्त करायचा. मोरावेक गावाच्या आसपासच्या रँचवर पाणी थांबलं की लोक त्यालाच फोन करत. तो यायचा, पाइप वर ओढायचा, गंजलेला वॉशर मालकाच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचा, "हा बघ तुझा दुष्काळ." गाणी तो गाडी चालवताना रचायचा. गेल्या चौदा वर्षांत त्याने एकही नवी रेकॉर्ड काढली नव्हती. गाणी नव्हती म्हणून नाही. त्याला घाई नव्हती.

मोरावेकच्या लॉज हॉलमध्ये रविवारी दुपारी नाच असतो. बूट नीट सरकावेत म्हणून आधी लाकडी जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरतात. डेल्मरचा बँड तिथे वाजवायचा. नवं गाणं झालं की तो ते आधी कुणाला ऐकवत नसे. पोल्का नाचाच्या दोन जुन्या गाण्यांच्या मधे ते गुपचूप घुसडायचा आणि गाताना सगळा वेळ नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहायचा. पाय चालत राहिले तर गाणं राहिलं. जोडपी कडेच्या बाकांवर जाऊन बसली तर ते गाणं गेलं. मग ते त्याने पुन्हा म्हटल्याचं कुणाला आठवत नाही.

टेसा ऑस्टिनला साहित्य शिकून परत आली होती आणि गावच्या वाचनालयात काम करत होती. नवी रेकॉर्ड काढायचं ठरलं तेव्हा डेल्मर वाचनालयाच्या दारात उभा राहिला. आत आला नाही, कारण बुटांना चिखल होता.

"तू शिकलीस ना ते सगळं?" तो म्हणाला. "मग माझ्या रेकॉर्डच्या मागे चार ओळी लिही. पण शिकलेली वाटू नकोस."

"मग कशी वाटू, मिस्टर डेल्मर?"

"शेजारीण वाट."

गाणी दहा होती. नऊ हॉलमध्ये पास झालेली. दहावं तो आधी रेकॉर्ड करून आला. सॅन मार्कोसला वेस नावाच्या माणसाचा स्टुडिओ होता, तिथे नेमके दोन तास शिल्लक राहिले, आणि डेल्मरने ते गाऊन टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने क्रम बदलला होता.

गाणं लोरीनबद्दल होतं. लोरीन त्याची पूर्वीची बायको. अकरा वर्षांपूर्वी ती त्याला सोडून गेली आणि पशुखाद्याच्या दुकानवाल्या आर्नल्डशी तिने लग्न केलं. गाव लहान. हॉल एकच. दर रविवारी ती आर्नल्डबरोबर नाचायची आणि डेल्मर गायचा. कुणाला त्याचं काही वाटत नसे. गाण्यात तिचं नाव नव्हतं, फक्त तिचे नाचाचे बूट होते. ती गेली तेव्हा ते पलंगाखाली राहिले होते. "तुझ्या बुटांवरचं पीठ मी झटकलं नाही," अशी सुरुवात होती.

वेसने त्या गाण्याची प्रत टेसाला पाठवली. तिने ती स्वयंपाकघरात उभ्याने ऐकली आणि सूपखालचा गॅस बंद केला. चार ओळी कशाबद्दल लिहायच्या ते तिला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी डेल्मरने ते हॉलमध्ये म्हटलं. संथ टू-स्टेप नाचाची चाल होती. पहिल्या कडव्याला सगळे नाचत होते. दुसऱ्याला आर्नल्ड थांबला. त्याने लोरीनचा हात सोडला आणि जमिनीच्या मधोमध उभा राहिला. शेजारचं जोडपं थांबलं, मग त्याच्या शेजारचं. बाकांवर कुणीच गेलं नाही. सगळे होते तिथेच उभे राहून ऐकत होते. सॉसेज भाजणारा माणूससुद्धा चिमटा घेऊन दारात आला. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या. डेल्मर ड्रमवाल्याकडे वळला नाही. तो जमिनीकडेच पाहत होता.

मध्यंतरात टेसाने त्याला ट्रकपाशी गाठलं.

"ते गाणं रेकॉर्डवर नको," तो म्हणाला.

"मिस्टर डेल्मर, लोक ऐकत होते."

"उभे होते."

"ऐकण्यासाठी उभे होते! तुमचं एखादं गाणं एवढं शांत कधी ऐकलंय कुणी?"

"हे बघ पोरी. आठवडाभर गुरं हाकून माणसं इथे येतात ती पाय हलवायला. ज्यांना बसून ऐकायचंय त्यांच्यासाठी पलीकडे चर्च आहे. फादरना कुठे गिऱ्हाईक जास्त झालंय?"

"तो नियम तुम्हीच केलाय."

"मग मोडायचाच झाला तर मीच मोडीन की. तू का हातोडा घेऊन आलीस?"

तिला हसू आलं, त्यामुळे ती हरली. त्याने झाकणात कॉफी ओतली आणि तिच्यापुढे धरली. तो असं कुणाला देत नसे.

"वॉल्ट्झ करतो त्याची," तो म्हणाला. "वॉल्ट्झला कुणी थांबत नाही. आर्नल्डसारखा ओंडकासुद्धा गोल फिरतो. चाल बदलतो, शब्द कापतो. पिकनिकच्या आधी होईल. जमलं तर दहा, नाहीतर नऊ."

चर्चची पिकनिक दोन आठवड्यांवर होती आणि रेकॉर्ड त्याच दिवशी यायची होती. पण त्या रविवारनंतरच्या मंगळवारीच सकाळी श्रामेकांच्या रँचवर पाइप वर ओढताना डेल्मर खाली बसला. श्रामेकला वाटलं, दम खायला बसलाय. त्याने पाणी आणलं. तोवर संपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

दफनाला अख्खं गाव होतं. नंतर हॉलमध्ये शेवयांचं सूप होतं. टेसाने पातेली धुतली. बायका तिला म्हणाल्या, अगं बस जरा. ती म्हणाली, बसते. आणि पुसायचं फडकं घेतलं.

वेसचा फोन दोन दिवसांनी आला.

"कव्हर उद्या छापायला जातंय," तो म्हणाला. "ते बुटांचं गाणं माझ्याकडे आहे. त्याच्या बहिणीला विचारलं. ती म्हणते, टेसाला विचार. नऊ की दहा?"

"ते सगळ्यांत चांगलं आहे," टेसा म्हणाली.

"मला काय सांगतेस? मी तर म्हणतो पहिलं तेच टाकू. त्याच्या नियमाचं आता काय गं? आता कोण पायांकडे बघणार आहे?"

टेसाने संध्याकाळपर्यंत वेळ मागितला आणि ती पशुखाद्याच्या दुकानात गेली. लोरीन गल्ल्यावर होती. आर्नल्ड मागे पोती रचत होता.

"मिस लोरीन, त्या दिवशी तुम्ही थांबलात…"

"मी नाही थांबले," लोरीन म्हणाली. "यांनी हात सोडला. मी काय एकटी नाचू?"

"गाणं ऐकत होतो मी," मागून आर्नल्ड म्हणाला. "आवडलं मला."

"आवडलं म्हणे! अहो, आवडलं तर पाय हलवायचे. तो माणूस तिथे तेवढ्यासाठीच उभा असतो, एवढी वर्षं बघताय ना?" ती टेसाकडे वळली. "हे थांबले, म्हणून यांच्या मागून सगळे थांबले. माझी लाज राखायला, मला ठाऊक आहे. भली माणसं आहेत. पण त्याने काय बघितलं? त्याने बघितलं, मी उभी आहे."

"गाणं चांगलं होतं पण."

"चांगलंच होतं गं. त्याला का माहीत नव्हतं?" लोरीनने गल्ला बंद केला. "त्याला ते मला ऐकवायचं नव्हतं. ते चालू असताना मला नाचताना बघायचं होतं. एवढंच होतं त्याचं. आमचं लग्नसुद्धा तसंच होतं. मी नाचायची, तो वाजवायचा. कधी खाली उतरला नाही."

आर्नल्डने हातातलं पोतं खाली ठेवलं. मग एक गिऱ्हाईक कोंबड्यांचं खाद्य मागायला आलं.

टेसाने वेसला फोन केला. "नऊ," ती म्हणाली.

"नक्की? नंतर हळहळशील."

"हळहळेन. नऊच."

तिने चार ओळी पुन्हा लिहिल्या. त्यांत पंपांबद्दल होतं, हॉलबद्दल होतं. ज्या गाण्यामुळे तिला लिहावंसं वाटलं होतं त्याचा उल्लेख नव्हता.

पिकनिकच्या दिवशी रेकॉर्डचं टेबल सॉसेजच्या टेबलाशेजारी लावलं होतं. लोक एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात रेकॉर्ड घेऊन जात होते. काही कव्हरांना सॉसेजवरची मोहरीची चटणी लागली. बँडने नऊही गाणी वाजवली, अकॉर्डियनवाला लॅडिस्लाव गायला. त्याचा आवाज बेतास बात होता. सगळे नाचले. लोरीन आणि आर्नल्ड शेवटपर्यंत नाचले, आणि आर्नल्ड खाली मान घालून पावलं मोजत होता.

नाच संपल्यावर लॅडिस्लावने टेसाला डेल्मरचा जुना टेपरेकॉर्डर दिला. त्याचं वर्कशॉप आवरताना तो पंपांच्या सुट्या भागांखाली सापडला होता. "तूच ऐक," तो म्हणाला. "मी ऐकलं तर मला पुन्हा वाजवता यायचं नाही."

तिने तो वडिलांच्या गाडीत बसून लावला. बुटांचंच गाणं होतं, आता वॉल्ट्झमध्ये. पहिलं कडवं नीट बसलं होतं. दुसऱ्यात दोन शब्द गेले होते आणि ते बरं झालं होतं. तिसरं त्याने तीनदा सुरू केलं आणि तीनदा सोडलं.

"'शनिवारी धुतलेला सदरा' काही मावत नाही," डेल्मर टेपवर म्हणाला. "शनिवार काढावा की सदरा?" त्याने दोन्हीशिवाय एकदा गुणगुणून पाहिलं. "छे. सदरा पाहिजे."

मग फोन वाजल्याचा आवाज. "हो श्रामेक, येतो. अजिबातच येत नाहीये का पाणी?" मग गिटार भिंतीला टेकवल्याचा आवाज. पुढची टेप कोरी होती.